गोदीतला डॉकर आणि संगणकातली पेटी

इंग्लंडमधल्या बंदरांत जहाजावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मजुराला 'डॉकर' म्हणत. आपल्याकडचा गोदी कामगार तो हाच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा डॉकर जगातल्या मोठमोठ्या बंदरांतून हळूहळू दिसेनासा झाला, आणि त्याला घालवणारी वस्तू म्हणजे कंटेनर नावाची एक साधी लोखंडी पेटी. पुढे २०१३ साली संगणकाचे प्रोग्राम पेटीत भरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणारे एक साधन आले. त्या पेटीलाही कंटेनरच म्हणतात. साधनाचे नाव मात्र 'डॉकर' ठेवले गेले, आणि त्याच्या बोधचिन्हात पाठीवर कंटेनरांची रास घेतलेला देवमासा आला. ज्या पेटीने मजुराला घरी बसवले, तिच्या संगणकी अवताराला त्याच मजुराचे नाव!

या नावामुळेच मी या विषयाकडे वळलो. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. छपाईच्या धंद्यात अक्षरजुळणीची कामे करता करता संगणकाशी ओळख झाली आणि पुढे साधनांच्या इतिहासाचा नाद लागला. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण तंत्रज्ञ असतात. साधन कसे वापरावे ते ते सांगतात. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. लिहून झालेला प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रावर नेऊन चालता करायचे काम पूर्वी माणसे हाताने करत. त्या हातांना जे ठाऊक होते ते कुठे गेले? आणि आज ते कोणाला वाचता येते?

लिहिलेले आणि चालणारे

प्रोग्राम लिहिणे आणि तो चालणे यांत केवढे अंतर असते, हे दिवाळी अंकाच्याच उदाहरणाने सांगतो. नव्वदच्या दशकात ज्या संगणकावर अंक जुळवला जाई, त्यावर एक विशिष्ट मराठी फाँट, त्याचा विशिष्ट की-बोर्ड आणि पाने लावण्याच्या प्रोग्रामची विशिष्ट आवृत्ती असे. फाइल फ्लॉपीवर घालून दुसऱ्या छापखान्यात नेली, की 'दीपावली'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी उमटे. फाइल बिघडलेली नसे. तिच्या भोवतीचे जे जग तिला अर्थ देत होते, ते तिच्याबरोबर आलेले नसे.

प्रोग्रामचेही तसेच आहे. कोणताही प्रोग्राम एकट्याच्या बळावर चालत नाही. त्याला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार भाग लागतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या लायब्ररींच्या ठरावीक आवृत्त्या लागतात, ठरावीक जागी ठेवलेल्या फाइली लागतात, ठरावीक परवानग्या लागतात. यातले एक जरी इकडचे तिकडे झाले तरी प्रोग्राम अडतो, आणि लिहिणारा म्हणतो, "माझ्याकडे तर चालतं!" हे वाक्य संगणकाच्या धंद्यात विनोद म्हणून सांगितले जाते. या लेखातला सारा इतिहास म्हणजे त्या एका वाक्यावर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

एक सकाळ वाया गेली त्याची गोष्ट

पहिले मोठे उत्तर १९७६ साली अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत सापडले. तेव्हा मोठा प्रोग्राम अनेक फाइलींत विभागून लिहीत. प्रत्येक फाइलीचे यंत्राला कळेल असे भाषांतर करायचे आणि मग ती सारी भाषांतरे जोडून एक चालता प्रोग्राम करायचा, अशी रीत होती. एका फाइलीत दुरुस्ती केली तर तिचे भाषांतर पुन्हा करावे लागे. कोणती फाइल बदलली आणि तिच्यामुळे आणखी काय काय पुन्हा करायला हवे, हे प्रोग्रामरने लक्षात ठेवायचे.

तिथे स्टीव्ह जॉन्सन नावाचे प्रोग्रामर होते. एके दिवशी ते चडफडत स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलीत आले. प्रोग्राममधली जी चूक शोधण्यात त्यांची सकाळ गेली होती, ती त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती; दुरुस्त फाइलीचे भाषांतर करायचे तेवढे राहिले होते. फेल्डमन यांनी आदल्याच संध्याकाळी अशाच घोटाळ्यात वेळ घालवला होता. शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्यांनी यावर एक साधन लिहिले. त्याचे नाव 'मेक'.

मेकची कल्पना स्वयंपाकघरात चटकन समजते. करंजीला पारी आणि सारण लागते. सारणाला खोबरे, साखर, खसखस. पारीला रवा-मैदा आणि मोहन. सारणात वेलची राहिली म्हणून सारण पुन्हा करावे लागले, तरी पारीचे पीठ पुन्हा भिजवायला नको. कोण कशावर अवलंबून आहे आणि ते कसे करायचे, एवढे एका फाइलीत लिहून ठेवा. काय नव्याने करायला हवे ते मेक फाइलींच्या वेळा बघून स्वतः ठरवतो. जे आजवर सुगरणीच्या डोक्यात होते, ते पहिल्यांदा कागदावर आले.

या फाइलीत आज्ञेची प्रत्येक ओळ 'टॅब'च्या कळीने सुरू व्हावी लागते. त्याऐवजी दिसायला तशाच दिसणाऱ्या मोकळ्या जागा सोडल्या, तर मेक ती ओळ नाकारतो. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले होते. पण तोवर साधन वापरणारी डझनभर माणसे झाली होती, बहुतेक मित्रच. त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर मित्रांची ती भीड पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रोग्रामरांना भोवली. एकदा लिहून ठेवलेली रीत लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. २००३ साली फेल्डमन यांना मेकसाठी संगणकशास्त्रातल्या अग्रगण्य संस्थेचा, एसीएमचा, सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला.

गठ्ठा, आज्ञापत्र आणि झापडे

त्याच बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली युनिक्स या प्रणालीची सातवी आवृत्ती बाहेर पडली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली, स्टीफन बॉर्न यांचे 'शेल'. एकामागून एक टंकायच्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवायच्या आणि ती फाइलच चालवायची; अशा फाइलीला 'स्क्रिप्ट' म्हणतात. दुसरी, 'टार'. अनेक फाइली एकत्र बांधून चुंबकीय टेपवर घालण्याचे हे साधन. टेप गेल्या तरी त्याचे नाव राहिले. तिसरी गोष्ट त्या वेळी किरकोळ वाटावी अशी होती. 'चेंज रूट' नावाची एक आज्ञा, जिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला यंत्रातला एकच कप्पा म्हणजे सगळे जग आहे असे भासवता येई. टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात तसे. गठ्ठा, आज्ञापत्र आणि झापडे: आजच्या कंटेनरचे तिन्ही घटक बीजरूपाने इथे दिसतात. ते एकत्र यायला मात्र आणखी चौतीस वर्षे लागली.

मधल्या काळात प्रोग्राम पाठवला जाई तो बहुधा मूळ लिखाणाच्या स्वरूपात. घेणाऱ्याने तो आपल्या यंत्रावर घडवायचा. पण प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे थोडे वेगळे. एकाकडे चालणारी आज्ञा दुसऱ्याकडे नसे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' सुरू केले. त्यातून तयार होणारी लांबलचक शेल स्क्रिप्ट नव्या यंत्रावर जाऊन आधी चौकशी करते: अमुक आहे का, तमुक कुठे आहे? आणि मिळालेल्या उत्तरांप्रमाणे पुढचा बेत आखते. ही स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि सहसा कोणी ती वाचत नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

ज्याच्या नावावर गठ्ठा

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा इयन मर्डॉक हा विद्यार्थी 'डेबियन' या प्रकल्पाची घोषणा करता झाला. आपले आणि आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडून त्याने हे नाव केले. लिनक्ससाठी लिहिलेले सुटे सुटे प्रोग्राम नीट बांधून, एकमेकांशी जुळतील असे करून लोकांना द्यायचे, हा त्याचा हेतू.

डेबियनच्या पॅकेजमध्ये फाइली असतातच. पण मला महत्त्वाची वाटते ती सोबत जोडलेली यादी. पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात, आणि हा गठ्ठा सांभाळणाऱ्याचे नाव व पत्ता. शिवाय पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर काय करायचे याच्या छोट्या स्क्रिप्ट असतात. सारी पॅकेजे एका लिखित नियमावलीला बांधलेली. शिवकालीन कानुजाबत्यात अष्टप्रधानांपैकी प्रत्येकाने काय करावे हे जसे नेमून दिलेले आहे, तसेच काहीसे हे काम. १९९९ मध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर 'ॲप्ट' हे साधन आले. एक पॅकेज मागितले की त्याला लागणारी बाकीची पॅकेजे ते स्वतः हुडकून आणते.

हे सारे प्रामुख्याने स्वयंसेवकांनी केले. गठ्ठ्यावर नाव असल्याने काही बिघडले तर कोणाला विचारायचे हे ठाऊक असे. यंत्राने काम हलके केले होते, पण जबाबदारी माणसाच्या नावावरच होती.

आठांपैकी एक

हाताने करायचे काम हातावरच ठेवले तर काय होते, याचे एक उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने १ ऑगस्ट २०१२ रोजी पाहिले.

नाइट कॅपिटल ही शेअरच्या उलाढालीतली मोठी कंपनी होती. बाजारात त्या दिवशी एक नवी योजना सुरू होणार म्हणून तिने आपला प्रोग्राम बदलला होता. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर घालायचा होता. आदल्या काही दिवसांत तो एकेक करून घातला गेला. सातांवर गेला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर एक जुना, वर्षानुवर्षे न वापरलेला भाग तसाच पडून होता. आणि नव्या प्रोग्रामने वापरायला घेतलेली खूण नेमकी त्या जुन्या भागाला जागे करणारी होती. बाजार उघडला आणि तो जागा झाला. पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले. १५४ कंपन्यांचे सुमारे ३९ कोटी ७० लाख शेअर इकडचे तिकडे झाले. कंपनीचे नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेले.

अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात याची नोंद आहे. दुसऱ्या कोणा तंत्रज्ञाने ते काम तपासले नव्हते, आणि तपासावे असा लेखी नियमही नव्हता. कंपनीला एक कोटी वीस लाख डॉलर दंड झाला. तोवर ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली होती. आदेशात त्या तंत्रज्ञाचे नाव नाही आणि ते योग्यच आहे. आठ ठिकाणी तेच ते काम करताना एक राहून जाणे हा माणसाचा स्वभाव आहे.

हे टाळणारी साधने तोवर आली होती. ऑस्लोच्या विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये 'सीएफइंजिन' लिहिले. २००५ मध्ये 'पपेट' आणि २०१२ मध्ये 'ॲन्सिबल' आले. आधी हे कर, मग ते कर, अशा पायऱ्या सांगण्याऐवजी शेवटी यंत्राची स्थिती कशी हवी ते यात लिहायचे. आठही यंत्रे त्या वर्णनाशी ताडून पाहायची आणि जे कमी असेल ते भरायचे काम साधनाचे. यंत्रे आठ असोत की आठशे, मजकूर एकच.

पेटी

आता गोदीकडे वळू.

मुंबईत १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, आजचे इंदिरा डॉक, सुरू झाले. तिथे माल येई तो पोती, गाठी, पिंपे, खोकी अशा सुट्या रूपात. मजुरांच्या टोळ्या, त्यांचे मुकादम, नगांची मोजदाद ठेवणारे टॅली क्लार्क यांच्या हातून तो जाई. काय खाली ठेवायचे, काय वर, तेलाशेजारी काय नको, आधी उतरायचे ते शेवटी कसे भरायचे, हे सारे ज्ञान अंगावर चढलेले असे. ते चुकले तर काय होते हे याच शहराने पाहिले आहे. 'फोर्ट स्टिकीन' या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीत त्यावर कापसाच्या गाठी चढल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाला आग लागली. दुपारच्या दोन स्फोटांत शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशामक जवान त्यांत होते. कशाशेजारी काय ठेवले आहे, हा प्रश्न जीवन-मरणाचा असू शकतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ह्यूस्टनला निघाले. त्याच्यावर ५८ पेट्या होत्या. माल्कम मॅक्लीन हा मुळात ट्रकवाहतूकदार. ट्रकमधला माल उतरवून जहाजात भरण्याऐवजी ट्रकवरची आख्खी पेटीच उचलून ठेवायची, एवढीच त्याची कल्पना. सुटा माल भरायला तेव्हा टनामागे सहा डॉलरच्या आसपास खर्च येई. या जहाजाचा हिशेब सोळा सेंटांच्या आसपास निघाला. लोखंडी पेट्या त्याच्या आधीही होत्या. खरा बदल झाला तो साठच्या दशकात पेट्यांची मापे आणि कोपऱ्यांच्या कड्या जगभर एकसारख्या ठरल्या तेव्हा. कोपरा जुळला की कोणत्याही बंदरातली क्रेन ती पेटी उचलू शकते. आत काय आहे ते तिला कळण्याची गरज नाही.

मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, ते मुख्यतः या पेट्यांसाठीच. जुन्या गोदीतली कंटेनरची रहदारी हळूहळू तिकडे गेली. माथाडी कायदा १९६९ चा. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला नोंद, मजुरीची हमी आणि रजा मिळायला लागली तोवर पेटी समुद्रावर येऊन तेरा वर्षे झाली होती.

संगणकातल्या पेटीचा इतिहास याच वळणाने जातो. झापडांची कल्पना वाढत गेली. २००० साली फ्रीबीएसडी या प्रणालीत पॉल-हेनिंग कँप यांचे 'जेल' आले. त्यात कोंडलेल्या प्रोग्रामला फाइलींबरोबर शेजारचे प्रोग्रामही दिसेनासे झाले. २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी, कोणत्या प्रोग्राम-समूहाने यंत्राची किती शक्ती वापरावी याला मर्यादा घालणारी योजना लिनक्ससाठी सुरू केली. जानेवारी २००८ च्या आवृत्तीत ती दाखल झाली. भिंती तयार होत्या. पण त्या बांधायला तज्ज्ञ गवंडीच लागे.

१५ मार्च २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे पायथन भाषेच्या परिषदेत डॉटक्लाउड या छोट्या कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांचे भाषण करून 'डॉकर' दाखवले. मॅक्लीनप्रमाणेच त्यांनीही पेटी शोधलेली नव्हती. त्यांनी तिचे कोपरे जुळवले. पेटी कशी भरायची, तिला नाव काय द्यायचे, ती कुठून आणायची आणि कशी चालवायची, हे एकसारखे केले. पेटी भरण्याची कृती 'डॉकरफाइल' नावाच्या साध्या फाइलीत लिहायची. ती चार-पाच ओळींचीही असू शकते: अमुक पाया घ्या, त्यावर ही पॅकेजे बसवा, माझ्या फाइली इथे ठेवा, शेवटी ही आज्ञा चालवा. प्रत्येक ओळीचा एक थर होतो. खालचे थर बदलले नसतील तर ते पुन्हा करायचे नाहीत. १९७६ च्या करंजीची कल्पनाच नव्या रूपात आली.

पेटी म्हणजे आख्खा वेगळा संगणक नव्हे. ती चाळीतली खोली आहे: दार वेगळे, कुलूप वेगळे, पण पाया आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एक. म्हणून ती हलकी आणि स्वस्त. आणि म्हणूनच टाकीत काही पडले तर सगळ्या खोल्यांना भोवते. जून २०१४ मध्ये गूगलने अशा हजारो पेट्या अनेक यंत्रांवर सांभाळणारे 'कुबरनेटीस' जाहीर केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोळीवाड्यात ज्याला तांडेल म्हणतात तो. मेलेल्या पेटीच्या जागी तो नवी पेटी उभी करतो, आणि मध्यरात्री कोणाला उठवावे लागत नाही. मध्यरात्री उठणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ही लहान गोष्ट नाही.

पेटीत काय आहे?

क्रेनला आत काय आहे ते कळण्याची गरज नसते; पण कोणाला तरी ती असतेच. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. ते १९८४ मध्ये छापून आले. प्रोग्रामचे लिखाण कितीही बारकाईने वाचले, तरी त्याचे भाषांतर करणारे साधनच फितूर असेल तर त्या वाचण्याचा उपयोग नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

चाळीस वर्षांनी याचा पडताळा आला. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारे साधन जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. ते अनेक वर्षे जवळजवळ एकटा स्वयंसेवक बिनपगारी सांभाळत होता. 'जिया तान' या नावाने कोणीतरी त्याला मदत करू लागले, दोन-अडीच वर्षे चांगले काम करून विश्वास मिळवला आणि शेवटी गठ्ठे बाहेर पाठवण्याचा अधिकार मिळवला. २०२४ च्या आरंभी निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. विषारी भाग चाचणीच्या फाइलींत वेष पालटून बसवलेला होता. त्याला बाहेर काढून प्रोग्राममध्ये जोडणाऱ्या ओळी मात्र सर्वांसाठी खुल्या असलेल्या मूळ लिखाणात नव्हत्याच. त्या होत्या फक्त वाटपासाठी बांधलेल्या टारच्या गठ्ठ्यात, चौकशी करणाऱ्या त्या लांबलचक स्क्रिप्टला जन्म देणाऱ्या एका फाइलीत. जी सहसा कोणी वाचत नाही, तिथेच.

आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या यंत्रात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने ते सोडून दिले नाही. खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. डेबियनसारख्या प्रणालींच्या पक्क्या आवृत्त्यांत हे पॅकेज पोहोचायच्या आत ते थांबले.

या प्रसंगात स्वयंचलित साधने बिनचूक चालली होती. गठ्ठे बांधले गेले, तपासले गेले, पुढे पाठवले गेले. अडला तो एक माणूस, ज्याच्या हाताला नेहमीची गती ठाऊक होती. गोदीत पोते उचलताच वजनात फरक आहे हे ओळखणारा हमाल असे, त्याच जातीचे हे ज्ञान. ते कोणत्याही स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नव्हते.

यावर लेखी उपायही चालू आहे. डेबियनमध्ये २०१३ पासून अशी खटपट सुरू आहे, की तेच लिखाण आणि तीच कृती घेऊन कोणीही, कुठेही पॅकेज बांधले तर ते बिटाबिटाने तेच निघावे. मग गठ्ठा बांधणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागत नाही. दुसरा कोणी तो बांधून ताडून पाहू शकतो. ऐकायला सोपे वाटते. पण बांधल्याची तारीख, फाइलींचा क्रम, यंत्राचे नाव अशा बारीकसारीक गोष्टी गठ्ठ्यात शिरतात आणि दोन प्रती जुळत नाहीत. हजारो पॅकेजांतून त्या एकेक करून काढण्याचे काम आजही चाललेले आहे.

मिती नसलेले पत्र

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कापडाचा गठ्ठा. बाहेरून सारे रुमाल सारखे. आत काय आहे ते सोबतच्या यादीवरून कळते. आणि यादी असली तरी जुन्या मराठी पत्रांत 'छ' घालून चंद्राची तारीख दिलेली असते, वर्ष मात्र पुष्कळदा नसते. राजवाड्यांपासूनच्या संशोधकांचे आयुष्य अशा पत्रांची वर्षे ठरवण्यात गेले. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते. मग लिहायचे कशाला?

आजच्या डॉकरफाइली चाळताना मला हीच सवय दिसते. पाया म्हणून अमुक प्रणालीची 'लेटेस्ट' प्रत घ्या, असे पहिल्या ओळीत लिहिलेले असते. लेटेस्ट म्हणजे आजची ताजी. तीच कृती पाच वर्षांनी चालवली तर पाया वेगळा येतो, पेटी वेगळी होते किंवा होतच नाही. कृती हातात आहे, पण ती कोणत्या सालची ते ठाऊक नाही. मिती नसलेल्या पत्राची ही नवी पिढी आहे, आणि यातून मार्ग काढायला पुढे कोणी राजवाडे येतीलच असे नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हे संकट दूरचे नाही. माझ्या परिचयातल्या एका ग्रंथालयाची सूची नव्वदच्या दशकात एका व्यावसायिकाने लिहून दिलेल्या प्रोग्रामवर तयार झाली. कर्मचाऱ्यांनी कित्येक वर्षे खपून हजारो पुस्तकांच्या नोंदी भरल्या. पुढे तो व्यवसाय बंद झाला, संगणक मोडीत गेला. नोंदींची फाइल आजही सीडीवर आहे. तिच्यातली अक्षरे कोणत्या फाँटची आणि रकाने कोणत्या क्रमाने, हे सांगणारा कागद कोणीच ठेवला नाही. देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक पक्के झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही पुढली कित्येक वर्षे आपल्याकडे प्रत्येक फाँटचा संसार वेगळाच राहिला. त्या वर्षांतले मराठी मजकूर अशा बंद पेट्यांत पडून आहेत.

२०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया या संस्थेने जगातल्या प्रोग्रामांचे मूळ लिखाण जपण्यासाठी 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हे दफ्तर उभे केले. तसे मोठे काम आपल्या लहान संस्थांना जमणार नाही, पण एक गोष्ट जमण्यासारखी आहे. ग्रंथालयाने, मंडळाने, प्रकाशनाने एखादा प्रोग्राम करून घेतला, तर पेटीबरोबर तिची कृतीही मागून घ्यावी. कोणता पाया, कोणती आवृत्ती, कोणता फाँट, कोणत्या तारखेला, कोणी बांधले. दोन पाने पुरतात. ती छापून नोंदवहीत लावावीत, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा हवे तर, कोऱ्या यंत्रावर त्या दोन पानांवरून प्रोग्राम उभा राहतो का ते पाहावे.

गोदीतला टॅली क्लार्क माल उतरताना हेच करत असे. हातात वही घेऊन तो एकेक नग मोजी, यादीशी ताडून पाही आणि खाली सही करी.